व्हॉइड पॉइंटर पहिल्याच वर्षी शिकवावा का?

मूळ मत (जळगाव)
गेल्या आठवड्यात प्रात्यक्षिकाच्या तासाला एका विद्यार्थिनीने सी भाषेत टक्केवारीची डबल (दशांश संख्या) प्रकारची यादी क्यूसॉर्ट या क्रम लावणाऱ्या फंक्शनला दिली. क्यूसॉर्ट दोन-दोन आकड्यांचे पत्ते तुलनेच्या फंक्शनला व्हॉइड पॉइंटर म्हणून देते, म्हणजे नुसता पत्ता, तिथे कोणत्या प्रकारचे मूल्य आहे हे न सांगता. मात्र हे तुलनेचे फंक्शन जुन्या उदाहरणावरून उतरवताना त्यातले इंट (पूर्णांक) पॉइंटरमधले रूपांतर तसेच राहून गेले. कंपायलरने चकार शब्द काढला नाही आणि ६२.५, ७१.२५, ५८.७५ हे आकडे दिले त्याच क्रमाने छापून आले. आमच्या संगणकांवर डबल ८ बाइटचा आणि इंट ४ बाइटचा. अशा आकड्यांचे पहिले ४ बाइट शून्यच असल्याने फंक्शनला सारे आकडे सारखे दिसले. चूक सापडेपर्यंत तास संपला. जिथे कंपायलरची राखण उठते, ते साधन पॉइंटर नुकता कळू लागलेल्या मुलांच्या हाती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (धुळे)
निदान अचूक आहे, उपाय पटत नाही. मॅलॉक (मेमरीत जागा मागणारे), मेमकॉपी (बाइटांची नक्कल करणारे), क्यूसॉर्ट ही सारी फंक्शने व्हॉइड पॉइंटरवरच चालतात. तो वगळला, तर ती मुलांकडून मंत्रासारखी घोकून घ्यावी लागतील. मी वर्गात चिठ्ठीचे उदाहरण देतो: ‘सावदा, तिसरे गोदाम’ एवढेच लिहिले असेल तर हमाल तिथे पोचेल, पण आत केळीचे घड आहेत की कापसाच्या गाठी हे ठाऊक नसल्याने एका खेपेला किती उचलायचे, हे त्याला ठरवता येणार नाही. म्हणूनच व्हॉइड पॉइंटरमधून थेट मूल्य वाचता येत नाही आणि प्रमाण सीमध्ये त्यात एक मिळवताही येत नाही. (जीसीसी हा कंपायलर एक बाइट धरून मिळवू देतो, पण ती त्याची पदरची सवलत.)

प्रत्युत्तर (जळगाव)
तुमचा हमाल निदान दारात थबकतो. आमच्या प्रोग्रामने गाठींना घड समजून खुशाल उचलले, तक्रार तीच आहे.

उत्तर (नंदुरबार)
घोळ मॅलॉकपासूनच सुरू होतो. १९८९ च्या प्रमाणीकरणापूर्वी मॅलॉक कॅर (अक्षर) पॉइंटर देत असे, तेव्हा त्यापुढे रूपांतर लिहिणे रास्त होते. आता सीमध्ये व्हॉइड पॉइंटर इंट किंवा डबल पॉइंटरला थेट नेमता येतो (सी प्लस प्लसमध्ये नाही), तरी आपण मुलांना जागोजागी रूपांतराचा कंस लिहायला लावतो आणि रूपांतर म्हणजे कंपायलरला गप्प करण्याची युक्ती, असे त्यांना वाटू लागते. तुलनेच्या फंक्शनात पहिल्याच ओळीला कॉन्स्ट डबल पॉइंटर घोषित करून त्यात आलेला पत्ता ठेवायला सांगावे. चूक तरीही होऊ शकेल, पण प्रकार डोळ्यांसमोर राहील.

प्रत्युत्तर (जळगाव)
घोषणेची ओळ उद्यापासून सक्तीची करतो. व्हॉइड पॉइंटर मात्र स्ट्रक्चर (अनेक मूल्ये एकत्र बांधणारा प्रकार) शिकवून झाल्यावरच घेईन, त्याआधी नाही.