मदत हवी आहे: सोसायटीचं बिलिंग सॉफ्टवेअर उघडलं की दर वेळी 'रीस्टार्ट करा' असा मेसेज

मुलुंडची_खजिनदार

नमस्कार मंडळी,

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीची मी यंदापासून खजिनदार आहे. (ज्या मीटिंगला गेले नव्हते त्याच मीटिंगमध्ये माझी निवड झाली. जाणकारांना पद्धत माहीत असेलच.) सोसायटीच्या ऑफिसात एक जुना असेंबल्ड पीसी आहे, विंडोज १० वाला. त्यावर मेंटेनन्सची बिलं आणि पावत्या काढायचं सॉफ्टवेअर आहे. कंपनीचं नाव देत नाही, छोटी आहे, आणि त्यांच्याशी अजून वर्षभर काम आहे.

प्रकार असा. डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर डबल क्लिक केलं की सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक छोटा बॉक्स येतो, 'प्रिपेअरिंग टू इन्स्टॉल'. मग 'गॅदरिंग रिक्वायर्ड इन्फर्मेशन', पट्टी सावकाश सरकते, आणि शेवटी इंग्रजीत मेसेज येतो की सॉफ्टवेअरच्या कॉन्फिगरेशनमध्ये केलेले बदल लागू व्हायला सिस्टिम रीस्टार्ट करावी लागेल. आत्ता करायची तर येस, नंतर करणार असाल तर नो. येस म्हटलं की पीसी रीस्टार्ट होतो, परत आयकॉन दाबला की परत तेच. नो म्हटलं तर सॉफ्टवेअर उघडतं आणि नीट चालतं, बिलंही निघतात.

मग चालू द्या की, असं म्हणाल. पण संध्याकाळी आमचे हिशेबनीस काका बसतात. इंग्रजीत काही आलं की 'येस' दाबायचं हा त्यांचा नियम. परवा त्यांनी येस दाबलं तेव्हा बाजूला एक्सेलमध्ये पार्किंगचा हिशेब सेव्ह न करता उघडा होता, तो गेला. वर ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे, ऑडिटरला थकबाकीची यादी व्याजासकट हवी आहे.

सॉफ्टवेअरवाले म्हणतात पीसीचा प्रॉब्लेम आहे, फॉरमॅट मारा. हार्डवेअरवाला म्हणतो पीसी ठणठणीत आहे, सॉफ्टवेअर बदला. अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन केला, काही सापडलं नाही. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून पाहिलं, फरक नाही. कुणी सांगू शकेल का?

चाळीतला_चिंतोपंत

फॉरमॅट मारा ताई. दुसरा इलाज नाही. आमच्याकडे असंच व्हायचं, फॉरमॅटनंतर दोन महिने आलं नाही.

मुलुंडची_खजिनदार

आणि दोन महिन्यांनंतर? 🙂

चाळीतला_चिंतोपंत

परत फॉरमॅट.

पासवर्ड_विसरलो

एक साधी गोष्ट आधी तपासा. रात्री पीसी 'शट डाउन' करून सकाळी चालू करता ना? विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची आहे ती स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे 'रीस्टार्टनंतर करू' म्हणून बाजूला ठेवलेली कामं तशीच पडून राहतात. मेन्यूतल्या 'रीस्टार्ट'ने मात्र सगळं नव्याने सुरू होतं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे 'अप टाइम' बघा. रोज पीसी बंद करूनही तिथे कित्येक दिवस दिसत असतील तर हेच.

मुलुंडची_खजिनदार

पाहिलं. अप टाइम खरंच दिवसांत होता, मला वाटलं पीसी बिघडलाय. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं, रीस्टार्ट केलं, अप टाइम मिनिटांवर आला. पण आयकॉन दाबल्यावर तोच मेसेज.

दुर्बीण

तो धागा संपला मग. तसंही येस दाबल्यावर खरा रीस्टार्ट होतच होता, आणि तरी मेसेज परत येत होता.

ताई, तुमच्या वर्णनातली महत्त्वाची गोष्ट रीस्टार्टचा मेसेज नाही, त्याच्या आधीचे दोन बॉक्स आहेत. ते तुमच्या सॉफ्टवेअरचे नाहीतच, ते 'विंडोज इन्स्टॉलर'चे, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या विंडोजच्याच सोयीचे आहेत. म्हणजे तुम्ही आयकॉन दाबला की सॉफ्टवेअर उघडायच्या आधी कुणीतरी त्याची दुरुस्ती करतंय. तीन गोष्टी बघून सांगा:

१. नो दाबा, सॉफ्टवेअर उघडू द्या, मग बंद करा. पीसी बंद न करता परत उघडा. मेसेज येतो का?

२. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. 'टार्गेट'ची चौकट लिहिता येण्यासारखी आहे की करडी पडलेली?

३. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा. विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. 'सोर्स' रकान्यात 'एमएसआय इन्स्टॉलर' लिहिलेल्या पिवळ्या त्रिकोणाच्या नोंदी शोधा. इव्हेंट आयडी १००१ आणि १००४ हवेत. १००४ मधला मजकूर इथे द्या.

मुलुंडची_खजिनदार

बापरे. बरं.

१. नाही आला! लगेच परत उघडलं तर थेट सॉफ्टवेअर. हे कधी लक्षातच आलं नव्हतं, कारण आम्ही दिवसातून एकदाच उघडतो.

२. करडी आहे. बदलताच येत नाही.

३. १००१ आणि १००४ दोन्ही आहेत, रोजचे, जोडीने. १००४ मध्ये महिरपी कंसातले लांबलचक आकडे-अक्षरं आहेत आणि शेवटी लिहिलंय की अमुक 'रिसोर्स' अस्तित्वात नाही. त्याचा पत्ता सी ड्राइव्ह, युजर्स, आमच्या युजरचं नाव, ॲपडेटा, लोकल, टेम्प, आणि पुढे सॉफ्टवेअरच्या नावाची एक छोटी फाइल.

दुर्बीण

सापडला चोर. निदान त्याचा पत्ता तरी.

टार्गेट करडं आहे याचा अर्थ तो साधा शॉर्टकट नाही, 'ॲडव्हर्टाइज्ड शॉर्टकट' आहे. तो दाबला की विंडोज आधी इन्स्टॉलरला विचारतं, या सॉफ्टवेअरचे सगळे भाग जागेवर आहेत का? इन्स्टॉलर प्रत्येक भागाची एक ठरलेली खूण तपासतो. ती बहुधा एखादी फाइल असते, कधी रजिस्ट्रीतली (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथली) नोंद. हजेरीच्या वहीतल्या नावापुढे खूण नसली की माणूस गैरहजर, तसंच: ती एक फाइल दिसली नाही की अख्खा भाग तुटलाय असं धरून तो दुरुस्तीला लागतो. फाइल परत ठेवतो, रजिस्ट्री परत लिहितो. रीस्टार्ट तो दोन कारणांनी मागू शकतो. एक, बदलायची फाइल त्या वेळी वापरात असेल. दोन, पॅकेज बनवणाऱ्याने 'शेवटी रीस्टार्ट माग' अशी पायरीच घालून ठेवली असेल. कुठलंही असो, ते फळ आहे, मूळ नाही.

मूळ असं की कुणा शहाण्याने ती खुणेची फाइल टेम्प फोल्डरमध्ये ठेवली. टेम्प म्हणजे कुणीही कधीही साफ करावं अशी जागा. तुमच्याकडे कुणीतरी ती साफ करतंय, आणि पीसी चालू झाला की लगेच करतंय, नाहीतर दुसऱ्यांदा उघडताना मेसेज गेला नसता. लॉगिन केल्यावर एखादी काळी खिडकी क्षणभर चमकून जाते का?

मुलुंडची_खजिनदार

हो!! जाते. मला वाटायचं ते विंडोजचंच काहीतरी असेल.

लेझरजेटचा_मारा

मध्येच शिरतो. रीस्टार्टचा मेसेज जात नसेल तर रजिस्ट्रीत 'सेशन मॅनेजर'खाली 'पेंडिंग फाइल रिनेम ऑपरेशन्स' नावाची नोंद असते, ती उडवा. आमच्या ऑफिसात एका प्रिंटर ड्रायव्हरमुळे ती दर बूटला (पीसी सुरू होताना) परत भरायची, आणि नवीन काहीही इन्स्टॉल करायला गेलं की 'आधी रीस्टार्ट करा'.

दुर्बीण

ते दुखणं खरं आहे, पण वेगळं. वापरात असलेली फाइल लगेच बदलता येत नाही, म्हणून 'पुढच्या बूटला हिचं नाव बदल किंवा ही पुसून टाक' अशी यादी तिथे लिहिली जाते आणि विंडोज सुरू होताना अगदी आरंभी ती कामं उरकतं. बरेच इन्स्टॉलर ती यादी रिकामी आहे का ते बघतात, नसेल तर अडून बसतात. ताईंच्याकडे इन्स्टॉलर अडत नाहीये, उलट नको तितका उत्साहाने चालतोय. आणि ती नोंद डोळे मिटून उडवू नका. त्यात विंडोज अपडेटची अर्धवट राहिलेली कामंही असू शकतात.

ताई, टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' टॅब. तिथे अनोळखी काही आहे का?

मुलुंडची_खजिनदार

'क्लीन' नावाची बॅट फाइल (आत लिहिलेल्या कमांड आपोआप चालवणारी) आहे! नोटपॅडमध्ये उघडली. एकच ओळ, टेम्पमधलं सगळं पुसायची. हार्डवेअरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, पीसी स्लो होता ना, म्हणून फास्ट करायला टाकली, सगळ्या सोसायट्यांत टाकतो." मुलुंडमधल्या आणखी किती खजिनदारांना हा मेसेज येत असेल देव जाणे.

डिसेबल केली. मग आयकॉन दाबला, दुरुस्ती झाली, या वेळी येस म्हटलं. रीस्टार्टनंतर काळी खिडकी नाही, मेसेजही नाही. पीसी परत बंद-चालू करून पाहिला. आयकॉन दाबला की थेट सॉफ्टवेअरच्या लॉगिनचं पान!

पासवर्ड_विसरलो

वा! विंडोजमधलं 'स्टोरेज सेन्स'ही बघून ठेवा, सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेजमध्ये. ते चालू असेल तर तात्पुरत्या फाइली स्वतःहून पुसतं, आणि मग काही दिवसांनी 'परत आलं' म्हणून इथे याल.

मुलुंडची_खजिनदार

बंदच होतं, बंदच ठेवलं. सॉफ्टवेअरवाल्यांना १००४ चा फोटो पाठवला. दोन तासांनी उत्तर आलं: "पुढच्या व्हर्जनमध्ये बघतो." फॉरमॅटचा विषय निघाला नाही.

एक शंका. तोवर कुणी टेम्प साफ केलंच, तर काकांनी काय करायचं?

दुर्बीण

प्रोग्राम फाइल्समध्ये सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधली मूळ एक्झी फाइल (सॉफ्टवेअर चालू करणारी) शोधा, तिचा साधा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा आणि जुना आयकॉन तिथून काढा. साध्या शॉर्टकटने उघडलं की सुरुवातीची ती हजेरी सहसा होतच नाही. खुणेची फाइल सॉफ्टवेअरला खरोखर लागत असेल तर मात्र ते आत कुठेतरी अडेल, म्हणून हा उपाय दुय्यम धरा. आधी एकदा बिल काढून, पावती छापून बघा.

आणि डेटाची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या, आजच. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. सभेत नव्या पीसीचा ठराव घेणार असाल तर त्याआधी सॉफ्टवेअरवाल्यांकडून लेखी विचारून घ्या की विंडोज ११ वर हे चालतं का आणि लायसन्स नव्या पीसीवर हलवायचे किती पैसे घेणार.

मुलुंडची_खजिनदार

ठराव अजेंड्यावर टाकते. काकांना साधा शॉर्टकट करून दिला, त्यावरून बिल आणि पावती दोन्ही निघाल्या. काका विचारत होते, "आता येस कुठे दाबायचं?"

चाळीतला_चिंतोपंत

आमच्याही पीसीवर ती काळी खिडकी येते हो. फॉरमॅट मारायच्या आधी बघतो.