पॉलिॲनिलीनचं डोपिंग पाण्यानं धुऊन जातं का?

निफाडची_पोर: नाशिकला एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी पॉलिॲनिलीन, म्हणजे वीज वाहून नेणारं पॉलिमर, करतेय. पहिल्या खेपेची पावडर हिरवीगार आली. ती दाबून केलेल्या चकतीवर (पेलेट) मल्टिमीटरनं ४०० ओहम रोध दाखवला. दुसऱ्या खेपेला ॲसिडचा अंशही राहू नये म्हणून लिटमस बदलेना तोवर डिस्टिल्ड वॉटरनं धूत बसले. पावडर आमच्या बागेतल्या काळ्या द्राक्षाच्या सालीसारखी काळपट निळी झाली आणि मीटर आकडाच दाखवेना, इतका रोध वाढला. वाहकता वाढवायला सिलिकॉनमध्ये मिसळलेला (डोप केलेला) फॉस्फरस काही पाण्यानं निघत नाही. मग हे कसलं डोपिंग? सबमिशनला पंधरा दिवस उरलेत.

इंदिरानगरकर: पावडर टाकू नका ताई. १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये रात्रभर भिजवा. नंतर धुवायचं ते पातळ ॲसिडनंच.

निवृत्त_मास्तर, गंगापूर रोड: अगं, हे निरीक्षण रिपोर्टात घालच! डोपिंग हा शब्द सिलिकॉनकडून उसना घेतलाय, घोटाळा तिथून होतो. तिथे फॉस्फरस सिलिकॉनच्या अणूची जागा घेतो, तीही लाखा-कोटींत एखादी. इथे जागा कुणाचीच जात नाही. ॲसिडचा प्रोटॉन पॉलिमरच्या लांब साखळीतल्या नायट्रोजनवर बसतो, क्लोराइड शेजारी थांबतं. साखळीवरचा धन प्रभार आजूबाजूचे बंध किंचित बदलवत सरकतो, तोच पोलॅरॉन. तू धुतलंस तेव्हा प्रोटॉन निघून गेले.

१९७७ साली पॉलिॲसिटिलीन या दुसऱ्या पॉलिमरला आयोडीनची वाफ दिली, तेव्हा आयोडीननं साखळीतून इलेक्ट्रॉन ओढून घेतले होते. तुझ्या पावडरीत इलेक्ट्रॉनांची संख्या बदलतच नाही, नुसत्या प्रोटॉनवर वाहकता दहा अब्ज पटींच्या घरात वाढते. इतकी वर्षं शिकवलं, तरी मला याचं अप्रूप वाटतं.

प्रमाण मात्र भरपूर लागतं. पूर्ण डोप झालेल्या पॉलिॲनिलीनमध्ये दर दोन नायट्रोजनांमागे एकावर प्रोटॉन असतो. डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे पदार्थ प्रभारांमधली ओढ किती पटींनी कमी करतो तो आकडा, सिलिकॉनचा ११.७, अशा पॉलिमरांचा ३-४च्या आसपास. म्हणून क्लोराइड त्या प्रभाराला घट्ट धरून ठेवतं. डोपिंग दाट झालं की या ओढी एकमेकींत मिसळतात आणि वाट मोकळी होते.

शिवाय प्रभाराला एका साखळीवरून दुसरीवर उडी मारावी लागते. पेलेट सैल असली तर तिथेच अडतं. दोन्हींना दाब सारखा दिला होतास?

निफाडची_पोर: नाही सर, दाब नोंदवलाच नव्हता. निळीतली अर्धी पावडर दादांनी सांगितलं तशी रात्रभर ॲसिडमध्ये ठेवली, सकाळी हिरवी झाली होती. वाळवून दोन्ही ५ टनांवर दाबल्या. हिरवीवर ३८० ओहम, निळीवर अजूनही आकडा नाही. उद्या फोर-प्रोब (चार टोकं टेकवून वाहकता मोजायची पद्धत) लावते.