तज्ज्ञांनी ठरवलेलं पासिंग 'शास्त्रीय' कसं काय?

खडूस: परवा इथे कुणीतरी लिहिलं की सरसकट ४० टक्क्यांचं पासिंग ही अंधश्रद्धा, पण तज्ज्ञांच्या पॅनेलने अँगॉफ पद्धतीने काढलेली कटऑफ शास्त्रीय. वाचून डोकं फिरलं. ही पद्धत म्हणजे काय, तर दहा-बारा जाणकार बसतात, कधीही न पाहिलेला एक 'काठावर पास' होणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणतात. मग प्रत्येक प्रश्नाला: असे शंभर जण असतील तर कितींना जमेल? एक म्हणतो ८५, शेजारचा ४५. सरासरी ६५. सगळ्या प्रश्नांची बेरीज मारली की झालं पासिंग! अंदाजांची सरासरी काढली म्हणून त्याचं मोजमाप होतं का? बरं, ही टक्केवारीची रीत अँगॉफ या अमेरिकन परीक्षातज्ज्ञाच्या १९७१ च्या लेखात चक्क तळटीपेत होती. आज तिच्यावर लोकांची लायसन्सं ठरतात.

पायरीपायरीने: तळटीपेत होती म्हणून चूक? भलतंच. सरसकट ४० मध्ये पेपर सोपा निघाला की कुणीही पास, अवघड निघाला की हुशारही गारद. पॅनेल निदान प्रश्न वाचतं तरी. शिवाय पहिल्या फेरीनंतर चर्चा होते, बऱ्याच ठिकाणी तो प्रश्न प्रत्यक्षात किती जणांना जमला तेही दाखवतात.

खडूस: जीन ग्लास या अमेरिकन शिक्षणसंशोधकाने १९७८ मध्येच हे सगळं मनमानी आहे म्हणून सुनावलं होतं.

पायरीपायरीने: आणि त्याच वर्षी पॉपम या दुसऱ्या अभ्यासकाने त्याला उत्तर दिलं, ते सोयीस्करपणे गाळलंत. निर्णय माणसांनी घेतला म्हणजे तो लहरी होत नाही.

मीहीबसलोय: चर्चेचं कौतुक पुरे. पॅनेलवर मी बसलोय. एका प्रश्नाला मी ५० लिहिलं होतं. ज्येष्ठ सर म्हणाले, "हे न येणारा माणूस इथे आलाच कशाला?" टेबलावर लगेच खोडरबरं फिरली. दुसऱ्या फेरीत सगळे सत्तरच्या पुढे, मीसुद्धा. अहवालात काय छापलं? 'परीक्षकांमध्ये उत्तम एकवाक्यता.'

लालशाई: कटऑफ गेली खड्ड्यात. उत्तरसूचीच चुकलेली असते त्याचं काय? माझी मुलगी एका मार्काने गेली. त्या प्रश्नाचे दोन पर्याय बरोबर होते. आक्षेप घ्यायला वर पैसे भरा!

पायरीपायरीने: हा वेगळा विषय आहे. पॅनेलने सूची न बघता पेपर आधी स्वतः सोडवला तर असे प्रश्न तिथेच सापडतात.

लालशाई: वेगळा कसा? ती तिथेच अडकली ना!

मीहीबसलोय: आमच्या हातात तर सूची पहिल्यापासून होती. उत्तर समोर असलं की कुठलाही प्रश्न सोपाच वाटतो हो.

लालशाई: बघा! म्हणजे उत्तर बघून आकडे टाकायचे आणि आमच्या पोरांनी मात्र न बघता लिहायचं.

पायरीपायरीने: असं करणारं पॅनेल ढिसाळ. पद्धतीला का झोडपता?

खडूस: कारण पॅनेल माणसांचंच असणार. ठीक आहे, सरसकट ४० पेक्षा बरी म्हणतो. वासरात लंगडी गाय शहाणी. पण मग निकालासोबत परीक्षकांचे आकडे किती विखुरले होते तेही छापा. कटऑफ ६२ आणि परीक्षक ५४ ते ७१ असे पसरलेले, हे ६१ वाल्याला कळू दे.

पायरीपायरीने: छापा की, माझी ना नाही. उद्या प्रत्येक ६१ वाला कोर्टात उभा राहील, तेव्हा वकील तुम्ही द्या.

लालशाई: आक्षेपाचे पैसे परत मिळतात का, एवढंच कुणी सांगेल का?