दुसऱ्या फेरीतले बहुमत नेमके कोणाचे? फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीबद्दल

पैलतीर (धागाकर्ता)

फ्रान्समध्ये २०२७ साली पुन्हा अध्यक्ष निवडला जाईल, आणि तिथल्या दोन फेऱ्यांच्या पद्धतीचे कौतुक आत्तापासूनच वाचायला मिळू लागले आहे. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक वैध मते मिळाली नाहीत, तर दोन आठवड्यांनी पहिल्या दोघांमध्येच पुन्हा मतदान होते. त्यामुळे अध्यक्षाच्या पाठीशी नेहमी बहुमत असते, असे सांगितले जाते. माझ्या मते हे बहुमत मतदारांच्या मनात नसते, ते पद्धतीतून घडवले जाते.

२१ एप्रिल २००२ चा रविवार आठवून पाहावा. सोळा उमेदवार होते. अध्यक्ष जाक शिराक यांना १९.८८ टक्के, अतिउजव्या नॅशनल फ्रंटच्या जाँ-मारी ल पेन यांना १६.८६ टक्के आणि समाजवादी पंतप्रधान लिओनेल जोस्पँ यांना १६.१८ टक्के मते मिळाली. जोस्पँ सुमारे १ लाख ९५ हजार मतांनी तिसरे राहिले आणि स्पर्धेतून बाहेर पडले. त्यांच्याच मंत्रिमंडळात गृहमंत्री राहिलेल्या जाँ-पिएर शेव्हनमाँ यांनी ५.३३ टक्के मते घेतली, तर मित्रपक्षाच्या क्रिस्तियान तोबिरा यांनी २.३२ टक्के. तोबिरा यांना पडलेली मतेच जोस्पँ यांच्या पिछाडीच्या तिपटीहून जास्त होती.

५ मे रोजी डाव्या मतदारांनी, ज्यांना आयुष्यात कधी मत दिले नव्हते त्या शिराक यांना मत दिले. कित्येकांनी निषेध म्हणून नाकाला कपड्यांचा चिमटा लावून मतदान केंद्रावर जायचे ठरवले होते. शिराक यांची मते ५६ लाखांवरून अडीच कोटींच्या वर गेली आणि टक्केवारी ८२.२१ झाली. याला जनादेश म्हणणे मला पटत नाही. मतदारांनी एकाच दिवशी पसंतीक्रम लिहून दिला असता, तर तोबिरा आणि शेव्हनमाँ यांची बरीचशी मते जोस्पँ यांच्याकडे वळली असती. आयर्लंडमध्ये १९९० साली हेच झाले. पहिल्या मोजणीत ब्रायन लेनिहन पुढे होते, पण तिसऱ्या उमेदवाराच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती मोजल्यावर मेरी रॉबिन्सन अध्यक्ष झाल्या.

रोनकाठ

मी चौदा वर्षे लियोंमध्ये राहतो आणि आता इथला मतदारही आहे, म्हणून हे थोडे सविस्तर लिहितो.

इथे एक जुनी म्हण आहे की पहिल्या फेरीत निवडायचे आणि दुसऱ्या फेरीत वगळायचे. मतदाराला ही दोन वेगळी कामे आहेत याची पूर्ण जाणीव असते. पहिल्या फेरीत तो मनातल्या उमेदवाराला मत देतो. मग दोन आठवडे दोघेच समोर असतात, दूरचित्रवाणीवर त्यांचा समोरासमोर वाद होतो, हरलेले उमेदवार कोणाला पाठिंबा द्यायचा ते जाहीर करतात, आणि घराघरांत जेवणाच्या टेबलावर त्यावर भांडणे होतात. पसंतीक्रमात हा काळच मिळत नाही. अजून उभ्याच न राहिलेल्या लढतीबद्दल मतदाराला आधीच अंदाजाने क्रम लावून ठेवावा लागतो. १९७४ मध्ये जिस्कार देस्तँ, १९८१ मध्ये मितराँ आणि १९९५ मध्ये शिराक हे तिघेही पहिल्या फेरीत दुसऱ्या क्रमांकावर होते आणि अखेरीस निवडून आले. दुसरी फेरी नुसता उपचार असती, तर हे घडले नसते.

२००२ ची जबाबदारी पद्धतीवर टाकणेही मला योग्य वाटत नाही. पहिल्या फेरीत २८ टक्क्यांहून अधिक मतदार घरी बसले होते. जोस्पँ दुसऱ्या फेरीत जाणारच, असे डाव्यांनी गृहीत धरले होते. आणि एकच फेरी असती, तर १९.८८ टक्क्यांवर शिराक थेट अध्यक्ष झाले असते, हेही विसरू नये.

माजघर

रोनकाठ यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे, पण त्यांनी टक्केवारीचा छेद कोणता असतो ते सांगितलेले नाही. फ्रान्समध्ये २०१४ पासून कोऱ्या मतपत्रिका वेगळ्या मोजल्या जातात, तरी वैध मतांत त्या धरत नाहीत. २०१७ च्या दुसऱ्या फेरीत कोरी आणि बाद मिळून ४० लाखांहून अधिक मते होती. केंद्रापर्यंत चालत जाऊन ‘या दोघांपैकी कोणीही नको’ असे सांगणारी ही माणसे माक्रों यांच्या ६६.१० टक्क्यांच्या हिशेबात कुठेच दिसत नाहीत. २०२२ च्या विजयानंतर तर खुद्द माक्रों यांनीच सांगितले, की अनेकांनी आपल्या विचारांसाठी नव्हे, तर अतिउजव्यांना अडवण्यासाठी आपल्याला मत दिले.

पेरूमधली स्थिती याहून वाईट आहे. २०२१ मध्ये पेद्रो कास्तियो सुमारे १९ टक्के आणि केइको फुजिमोरी १३ टक्क्यांवर दुसऱ्या फेरीत गेले. म्हणजे दोन तृतीयांश मतदारांना यांपैकी कोणीच नको होते, आणि शेवटचा निर्णय सुमारे ४४ हजार मतांनी झाला.

खडूफळा

पसंतीक्रमाबद्दल मला अनुभवातून बोलायचे आहे. मी शिक्षक आहे आणि विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाच्या मतमोजणीला दोनदा बसलो आहे. तिथे मतदाराला केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेनानेच नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात. कोणी बरोबरची खूण करतो, कोणी ‘एक’ असे अक्षरात लिहितो, कोणी दोन नावांपुढे १ लिहितो, कोणी खाली सही करून ठेवतो. ही सगळी मते बाद होतात आणि ती देणारे सगळे पदवीधर असतात. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतसंख्या, ठरला, की शेवटच्या उमेदवाराला बाद करायचे, त्याचे गठ्ठे सोडायचे, पुढची पसंती पाहून दुसऱ्या खणात टाकायचे, पुन्हा मोजायचे, असे चालत चालत दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडते. आपल्या राष्ट्रपतींची निवडणूक अशीच होते आणि १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवरच निवडून आले. पण तिथे मतदार खासदार आणि आमदार असतात. कोट्यवधी सामान्य मतदारांवर हे लादताना फार विचार करावा लागेल.

पैलतीर

खडूफळा, तुम्ही सांगितलेल्या अडचणी खऱ्या आहेत, पण आयरिश मतदार हे पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. सवय लागते. रोनकाठ यांनी दोन आठवड्यांच्या मुदतीबद्दल जे लिहिले आहे, ते मी मान्य करतो. तो विचार मी केला नव्हता.

तरीही माझा मूळ आक्षेप पहिल्या फेरीबद्दल आहे. दुसऱ्या फेरीत कोण जाणार हे साध्या मताधिक्यानेच ठरते, आणि जिथे मते सर्वांत जास्त फुटतात तिथे फुटीवर कोणताही उपाय नाही. २०२२ मध्ये ल पेन यांच्या कन्या मारीन २३.१५ टक्क्यांवर आत गेल्या आणि डावे जाँ-लुक मेलाँशों २१.९५ टक्क्यांवर बाहेर राहिले. फरक सुमारे ४ लाख २० हजार मतांचा होता. कम्युनिस्ट उमेदवाराला ८ लाख मते पडली होती. मतदाराने मनातल्या उमेदवाराला मत द्यावे असे म्हणायचे, आणि दिले की त्याची निवडच हिरावून घ्यायची, हे मला अन्यायाचे वाटते.

रोनकाठ

श्रीलंकेकडे पाहावे, असे मी सुचवेन. तिथल्या मतदाराला तीन पसंती देता येतात. २०२४ मध्ये अनुरा कुमार दिसानायके यांना ४२.३१ टक्के मते मिळाली आणि इतिहासात प्रथमच दुसऱ्या पसंती मोजाव्या लागल्या. पण बहुतेकांनी एकाच नावापुढे खूण केली होती, त्यामुळे त्या मोजूनही एकूण मतांच्या निम्म्यापर्यंत ते पोहोचले नाहीत. पुन्हा केंद्रावर बोलावले असते, तर त्याच मतदारांनी दोघांतला एक निवडला असता.

माजघर यांच्या मुद्द्यावर मात्र मी त्यांच्या बाजूचा आहे. इथे मतमोजणी मतदारच करतात. शंभर-शंभर लिफाफ्यांचे गठ्ठे टेबलावर येतात, एक जण लिफाफा उघडतो, दुसरा नाव मोठ्याने वाचतो आणि दोघे तक्त्यावर रेघा ओढतात. २०२२ च्या दुसऱ्या फेरीला मी लिफाफे उघडायला होतो. रिकामे लिफाफे हातात येत होते, आणि वाचणाऱ्या बाई प्रत्येक वेळी क्षणभर थांबून ‘कोरे’ म्हणत होत्या. ती मते वैध मतांत धरावीत, असे मला त्या रात्रीपासून मनापासून वाटते.

माजघर

मग त्याचा परिणामही स्वीकारावा लागेल. १९९५ मध्ये शिराक ५२.६४ टक्क्यांनी आणि २०१२ मध्ये फ्राँस्वा ओलाँद ५१.६४ टक्क्यांनी निवडून आले. दोन्ही वेळा कोरी आणि बाद मते छेदात धरली, तर आकडा निम्म्याच्या खाली येतो. त्या दोघांना अध्यक्ष मानायचे, की तिसरी फेरी घ्यायची, यावर रोनकाठ यांचे मत वाचायला आवडेल.