स्वयंपाकघरातील कपाटे : मरीन प्लाय, स्टेनलेस स्टील की कडप्प्याचे कप्पे?

प्रश्न (कोथरूड)

नमस्कार. आमच्या सदनिकेतील मॉड्युलर किचन अवघ्या ९ वर्षांत काढावे लागत आहे. सिंकखालच्या कपाटाची बाजूची फळी तळापासून वीतभर फुगली आहे. कडेची पट्टी सुटून आतला भुसा दिसतो आणि बोट लावले की तो ओल्या खारीसारखा गळून पडतो. बिजागरीच्या स्क्रूंची जागा दोनदा बदलली, तरी ते धरत नाहीत. काम घेताना ‘वॉटरप्रूफ बोर्ड’ असे सांगण्यात आले होते. तो पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा डिंकाने दाबून केलेली फळी) होता, हे आता उघडल्यावर समजले.

ओटा ग्रॅनाइटचा, १० फुटी आहे. त्याखाली बिल्डरने दिलेल्या कडप्प्याच्या उभ्या फळ्या अजून मजबूत आहेत. त्यांच्या मधेच हे बोर्डाचे डबे बसवले होते. आता मरीन प्लाय व लॅमिनेट, संपूर्ण स्टेनलेस स्टील, किंवा डबे न करता कडप्प्यालाच ट्रॉल्या व दारे बसवणे, असे तीन पर्याय समोर आहेत. घरात आम्ही पाचजण आहोत, फोडणी आणि तळण रोजचे आहे आणि ७४ वर्षांच्या सासूबाईंना खाली वाकता येत नाही. पुन्हा फसायचे नाही, म्हणून अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

उत्तर १ (बिबवेवाडी)

ताई, मी अनेक वर्षे फर्निचरचीच कामे करतो. पहिली गोष्ट अशी की दाराचा रंग आणि चकाकी यांवर आपण जितका वेळ घालवतो, त्याहून अधिक वेळ आतल्या सांगाड्यावर घालवायला हवा, कारण दार खराब झाले तर ते एकटे बदलता येते, सांगाडा खराब झाला तर सगळेच उतरवावे लागते.

प्लाय घेणार असाल, तर ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नका. कोटेशनमध्ये ‘आयएस ७१०’ असे लिहून घ्या. हे मरीन प्लायचे भारतीय मानक असून त्यात प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटता कामा नयेत, अशी अट आहे. त्यात फिनॉलिक डिंक वापरतात. साध्या एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) प्लायमध्ये बहुधा युरियाचा डिंक असतो आणि तो सततच्या ओलीत टिकत नाही. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये स्वतः जाऊन अख्ख्या ८ × ४ च्या शीटवरील आयएसआय शिक्का पाहून घ्या, कारण कापून घरी आलेल्या तुकड्यांवरून काहीच सिद्ध करता येत नाही. शंका आली, तर हाताएवढा तुकडा पातेल्यात चार-पाच तास उकळा. हलका डिंक असेल, तर कडेला थर उकलू लागलेले दिसतात.

मात्र मरीन प्लायसुद्धा उघड्या कडेतून पाणी पितो. मिस्त्री सिंकच्या पाइपसाठी भोक पाडतात आणि ते तसेच सोडून देतात. बहुतेक कपाटे तिथूनच कुजायला लागतात. प्रत्येक कापलेली कड, दारांची खालची बाजूही, पट्टी लावून बंद झाली आहे की नाही, हे हात फिरवून तपासा.

आणि तुमच्याकडे कडप्पा शाबूत असेल, तर त्याच्या आत पुन्हा लाकडी डबा कशासाठी करायचा, हे मला खरोखर कळत नाही. कडप्पा फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि डब्याच्या दोन्ही बाजूंची जाडी वाचल्याने प्रत्येक कप्प्यात दीड इंच रुंदी मिळते. ट्रॉलीचे चॅनेल (ती ज्यावर सरकते त्या पट्ट्या) बसवताना भोके मात्र जपून पाडावी लागतात. ड्रिल मशीन हॅमरवर (ठोके देत) चालवले, तर फळीला तडा जातो. कडप्पा हा चुनखडीचा दगड असल्यामुळे लिंबू किंवा व्हिनेगर सांडले तर लगेच पुसावे, नाहीतर डाग कायमचा राहतो.

उत्तर २ (सहकारनगर)

आमच्याकडे ६ वर्षांपासून संपूर्ण स्टीलचे किचन आहे आणि मी समाधानी आहे. झुरळांना लपायला फटी कमी, आणि सिंकखाली गळती झाली तरी पुसून काम भागते. परंतु ३०४ प्रतीचेच स्टील घ्या. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. स्वस्त २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते आणि मीठ-पाण्याच्या जागी त्यावर तांबूस ठिपके येतात. पुष्कळ लोक चुंबक लावून परीक्षा करतात. ती इथे निरुपयोगी आहे, कारण या दोन्ही प्रती चुंबकाला जवळजवळ चिकटत नाहीत. म्हणून प्रत बिलावर लिहून घ्यावी. आवाज आणि बोटांचे ठसे या दोन तक्रारी खऱ्या आहेत, आणि खर्चही प्लायपेक्षा बराच अधिक आला.

उत्तर ३ (सदाशिव पेठ)

सासूबाईंच्या दृष्टीने दारांपेक्षा ड्रॉवर पाहावेत. माझ्या आईला दाराच्या कपाटातील मागचा डबा काढण्यासाठी जमिनीवर बसावे लागे; पूर्ण बाहेर येणाऱ्या चॅनेलचे ड्रॉवर केल्यापासून ती उभ्यानेच वरून डबा उचलते. रोजच्या डाळी आणि मसाल्याचा डबा सर्वांत वरच्या ड्रॉवरमध्ये, कुकर-कढया मधल्यात ठेवाव्यात.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल डबे उतरवून पाहिले. कडप्प्याच्या पाचही फळ्या सरळ आहेत. त्यामुळे ओट्याखाली कडप्प्यालाच ३०४ स्टीलच्या ट्रॉल्या बसवायच्या आणि वरची भिंतीवरची कपाटे तेवढी आयएस ७१० प्लायमध्ये करायची, असे घरात ठरले आहे. सिंकखाली ट्रॉली न ठेवता फक्त दार ठेवत आहोत, म्हणजे गळती झाली तर त्याच दिवशी दिसेल. बिबवेवाडीच्या दादांना एकच विचारायचे आहे : एका फळीला आधीची सहा भोके आहेत, ती इपॉक्सीने भरून त्याच रेषेत चॅनेल बसवता येईल, की उंची बदलावी?

उत्तर १ (बिबवेवाडी)

उंची इंच-दीड इंच बदला. भरलेल्या भोकात स्क्रू घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाने काही महिन्यांत सैल होतो. जुनी भोके भरून घ्या, म्हणजे झुरळांना जागा राहणार नाही.