प्रतिसाद: मल्टिक्लास केला की पात्र कच्चं राहतं?

वर एकांनी लिहिलंय की 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेममध्ये मल्टिक्लास केला, म्हणजे एकाच पात्राला एकाहून जास्त क्लास (पेशे) दिले, की पात्र धड इकडचं राहत नाही, धड तिकडचं. हे अर्धंच खरं आहे. सगळा खेळ कुठल्या लेव्हलला दुसऱ्या क्लासकडे वळायचं याचा आहे.

गेल्या शनिवारी भाचा रामबागेतल्या आमच्या घरी 'बाल्डर्स गेट ३' घेऊन बसला होता. त्याच्या पात्राच्या तीन लेव्हल फायटरच्या (योद्धा), तीन विझार्डच्या (जादूगार). म्हणाला, "मामा, सहाव्या लेव्हललाही एका वेळी एकच वार होतोय." होणारच! एक्स्ट्रा अटॅक, म्हणजे जोडीचा दुसरा वार, फायटरच्या ५ व्या लेव्हलला मिळतो, फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र विझार्डच्या ५ व्या लेव्हलला आणि पहिला फीट, म्हणजे जादा खास कौशल्य, कुठल्याही एका क्लासच्या ४ थ्या लेव्हलला. त्याने तिन्ही दारं उंबऱ्यावरूनच सोडली होती.

गेममध्ये पात्राचे क्लास बदलून देणाऱ्या विदर्सला १०० सोन्याची नाणी दिली आणि पुन्हा सुरुवात केली. पहिली लेव्हल फायटरचीच, कारण जड चिलखत तिथूनच मिळतं. मागून फायटर घेतला तर नाही मिळत. मग सलग पाच लेव्हल विझार्ड. फायरबॉल हातात आला आणि पोरगं पोह्यांची बशी विसरलं.

पुढे फायटरची दुसरी लेव्हल जरूर घ्या. तिथे मिळणाऱ्या अ‍ॅक्शन सर्जने, म्हणजे जादा कृतीने, एकाच पाळीत दोन फायरबॉल टाकता येतात. एकूण १२ लेव्हलच्या मर्यादेत त्यापायी विझार्डचे सहाव्या पातळीचे मंत्र जातात, पण मला तो सौदा मंजूर आहे.

तुमचं पात्र कोणत्या लेव्हलला वळलं होतं, ते लिहा ना.