वाड्याच्या पायात सापडलेला नाणी पाडायचा ठसा – गंज कसा थांबवायचा?

प्रश्न: सोलापुरात कसब्यातला जुना वाडा उतरवताना लोखंडी ठोकळा निघालाय. तोंडावर उलटी देवनागरी अक्षरं, अंगावर नारिंगी थेंब. चिंच-मिठाने घासू का?

उत्तर १: अजिबात नको! थेंब म्हणजे आत क्लोराइड (मिठातला क्षार) आहे. मिठाने त्यात भरच पडेल. वायर ब्रशही नको, अक्षरांची धार अनेकदा गंजाच्या थरातच उरलेली असते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात कोरडं सिलिका जेल, सोबत आर्द्रतामापक. काटा २० टक्क्यांखाली हवा. उन्हाळ्यात आपली हवा कोरडी असते म्हणून गाफील राहू नका, पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. क्षार काढणं प्रयोगशाळेचं काम: लिटरला ४ ग्रॅम कॉस्टिक सोड्याचं द्रावण, तेही बदलत राहून, कित्येक आठवडे. गंज स्थिर करणारं टॅनिक आम्ल आणि मेणाचा हात त्यानंतर. आधी मेण लावलं तर क्षार आतच कोंडतात.

उत्तर २: वाचण्यासाठी तिरप्या उजेडात फोटो काढून आडवा उलटवा. शिवराईवर (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) अक्षरं कापलेली दिसतात, कारण नाण्याची कोरी चकती ठशापेक्षा लहान असे. ठशावर पूर्ण मजकूर मिळू शकतो. मातीत किंवा मेणात छाप घेऊ नका, पापुद्रे निघतील.

उत्तर ३: जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवलंत का? १८७८ चा निखात निधी (जमिनीत सापडलेला ठेवा) कायदा १० रुपयांवरच्या वस्तूलाही लागू होतो.